संपर्क : मध्यम

शशिकला मडावीचं कार्ड शनिवारी सकाळी लाल आलं. सोमवारी दुपारी ती सामान परत करायला कुंदा ठेंगणेच्या खिडकीशी आली. बूट, टोपी, पाठीवरची पाण्याची पिशवी, दोन गणवेश आणि छातीपट्टा. कुंदाने एकेक वस्तू बघून आत घेतली.

"ताई, एक विचारू?"

"विचार न."

"कागदावर लिहिलंय, चढ चढायचा नाही. आमचं घर टेकडीवर आहे. मग मी घरी जाऊ का नको?"

मुलगी खरंच विचारत होती. तेवीस वर्षांची, बारीक अंगाची, दोन महिन्यांत प्रत्येक दौडीत पहिल्या पाचांत आलेली. "हळूहळू जा. बसत बसत," कुंदा म्हणाली, आणि तिला स्वतःचेच शब्द पोकळ वाटले.

"आई मला पाणीही आणू देत नाही आता. काल रात्री उशाशी बसून होती. मला काहीच होत नाही ताई. पण आता मीच झोपताना छातीवर हात ठेवून पाहते."

ती गेली. कुंदा खिडकीतून ती फाटकाबाहेर पडेपर्यंत पाहत राहिली. शशिकला अगदी सावकाश चालत होती, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी.

मोहफाटा हे वणवा पथकाचं प्रशिक्षण केंद्र होतं, चंद्रपूरच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला. गेल्या दहा-बारा वर्षांत उन्हाळे असे तापले होते की फेब्रुवारी संपायच्या आत सागाचा पाचोळा पेट घ्यायचा. पाठीवर वीस किलोचा पंप घेऊन पेटलेल्या टेकड्या चढणारं पायदळ पथक त्यातूनच उभं राहिलं. पहिल्या दोन वर्षांत पथकाची सात माणसं गेली. त्यांतलं आगीत एकच गेलं. बाकीचे सहा चढावर कोसळले आणि उठलेच नाहीत. त्यानंतर प्रत्येकाच्या छातीला पट्टा आला आणि पट्ट्यामागे 'लयवेध' आला.

पट्टा नवा नव्हता. पळणारी, सायकल चालवणारी माणसं व्यायामात ठोके मोजायला तो कितीतरी वर्षं बांधत आली होती. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक बारीकशी लहर असते. ती कातडीपर्यंत पोचते तेव्हा इतकी क्षीण झालेली असते की घड्याळाच्या सेलमधली वीज तिच्या हजारपट भरेल. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांच्या दोन चकत्या असतात. घामाने किंवा पाण्याने त्या ओल्या झाल्या की ती लहर उचलतात आणि पुढच्या बाजूला टिचबटणांनी बसवलेल्या छोट्या कळीकडे देतात. कळी ती मोजते.

नवा होता तो लयवेध. लाखो माणसांच्या ठोक्यांवर शिकलेली ती प्रणाली दोन ठोक्यांमधलं अंतर पाहायची. चढावर ते कसं कमी होतं, थांबल्यावर कसं वाढतं, मध्येच एखादा ठोका आगंतुकासारखा घुसतो का, एखादा गळतो का. पंधरा दिवसांच्या नोंदींवरून ती सांगायची की पुढच्या दोन-तीन महिन्यांत हे हृदय दगा देईल का. कार्ड हिरवं म्हणजे आगीवर जा. लाल म्हणजे घरी. लयवेध आल्यापासून चार वर्षांत एकही माणूस चढावर दगावला नव्हता. त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नसे.

कुंदा उपकरण सहायक होती. बेचाळीस पट्टे तिच्या ताब्यात असत. रोज सराव संपला की कळ्या काढून वेगळ्या ठेवायच्या, कारण ओल्या पट्ट्यावर राहिलेली कळी आपण छातीवरच आहोत असं समजून जागी राहते आणि तिचा सेल संपतो. पट्टे साध्या पाण्यात खळबळून सावलीत टांगायचे. आठवड्यातून एकदा सौम्य साबण. टिचबटणांवर हिरवट गंज दिसला की जुन्या टूथब्रशने घासायचा. हे काम तिला आवडायचं. तिचा मोठा भाऊ विनायक बोरकुटे त्याच केंद्रात मुख्य प्रशिक्षक होता आणि यंदा पथकही त्याच्याच हाताखाली आगीवर जाणार होतं. आपण धुतलेला पट्टा भावाच्या छातीवर आहे, या विचाराने ती तो जरा जास्तच निगुतीने धुवायची.

शशिकलाचा पट्टा घेऊन ती नळाशी गेली. नळ बारीक सोडला, पट्टा खाली धरला आणि थांबली.

पाणी चकतीत शिरत नव्हतं. अळूच्या पानावर राहावं तसं गोल थेंब होऊन घरंगळत होतं.

तिने बोटाने थेंब पसरवला. तो पुन्हा गोळा झाला. तिने दोरीवरचा दुसरा पट्टा घेतला. तेच. तिसरा, चौथा, तेच. मग कपाटातून सीलबंद नवा पट्टा काढून त्यावर पाणी टाकलं. थेंब तत्काळ आत मुरला आणि चकती काळपट झाली.

कुंदाने नळ बंद केला. तिला आठवलं.

जानेवारीत जुने पट्टे मिठाने कडक झाले होते. आंबूस वास यायचा, पोरींच्या छातीला वळ उठायचे. त्याच सुमाराला नव्या गणवेशांसोबत कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचे कॅन आले होते. तिने एका रविवारी सगळे पट्टे त्यात बुडवून ठेवले. मऊसूत झाले, छान वास यायला लागला. सगळ्यांनी कौतुक केलं, म्हणून ती दर रविवारी तसंच करायला लागली. कपडा मऊ लागतो तो त्या द्रवाचा मेणासारखा पातळ थर धाग्यांवर बसतो म्हणून. तो थर चांदीच्या धाग्यांवरही बसला होता. पट्टा अंगाला चिकटलेला दिसायचा, पण पाणी आत जात नव्हतं आणि वीजही.

ती संगणकासमोर बसली आणि एकेक अहवाल उघडायला लागली. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. कळी दर मिनिटाला एक अगदी सूक्ष्म वीज सोडून पट्टा कातडीला नीट भिडलाय का ते तपासते, त्याची ती नोंद. जानेवारीच्या मध्यापर्यंत सगळ्यांच्या अहवालाखाली लिहिलं होतं, 'संपर्क : उत्तम.' त्यानंतर बेचाळीसच्या बेचाळीस अहवालांखाली 'संपर्क : मध्यम.'

'मध्यम' म्हणजे चालण्यासारखं, असंच सगळ्यांनी धरलं असणार. मुळात ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. तिनेही नाही.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. विनायक अंगणात खाटेवर बसून बुटांना तेल लावत होता. सिंधू वहिनी चहा ठेवायला आत गेली. कुंदाने सगळं सांगितलं. तो बूट हातात धरून ऐकत होता.

"म्हणजे शशिकलाचं लाल कार्ड खोटं?" शेवटी त्याने विचारलं.

"असू शकते. कोरडी हवा, नवे शर्ट नायलॉनचे. ती बारीक आहे, शर्ट अंगावर फडफडते. घासून वीज तयार होते. पट्टा नीट भिडलेला असला तर ती वीज निघून जाते. नसला तर कळीला वाटते, मध्येच ठोका पडला."

"मग सोपं आहे. लाल तीनच आहेत. त्या तिघांना नवे पट्टे दे, चाचणी पुन्हा घेऊ. मी मॅडमशी बोलतो. तुझं नावही यायचं नाही."

"अन् बाकी एकोणचाळीस?"

"ते हिरवे आहेत न."

"भाऊ, पट्टा खराब असला की मशीन चुकते. मग ती हिरव्यातही चुकली असंल."

विनायकने बूट खाली ठेवला. "कसं काय? ठोके नीट नाही दिसले तर लाल येईल. हिरवं कसं येईल?"

"मीही दुपारभर तेच वाचत बसले. नोंदीत मध्ये मोकळी जागा दिसली की लयवेध आधी संपर्क पाहते. संपर्क उत्तम असला तर म्हणते, ठोका खरंच पडला नाही, धोका. संपर्क मध्यम असला तर म्हणते, पट्टा सुटला असंल, आणि आजूबाजूचे ठोके पाहून जागा भरून टाकते. कुणाचे ठोके खरंच गळत असतील तर तेही भरून निघाले."

"पाच मार्चला पथक निघायचं आहे, कुंदे. बेचाळीस जणांची पुन्हा चाचणी म्हणजे तारीख गेली. पाचोळा किती साचलाय, पाहून राहिली न तू? एक टेकडी पेटली की पायथ्याची गावं पेटतील." त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो तिच्याकडे पाहत नव्हता. "पोरांनी दोन महिने घाम गाळला. मी अकरा वर्षं आगीवर जातो. मला कोणाचं हृदय कसं आहे ते चढावर पाहिलं की कळते. तिघांचं कर अन् सोडून दे."

वहिनीने आणलेला चहा कुंदाने कसाबसा प्यायला. घरी जाताना तिला भावाचं म्हणणं पटतही होतं. तिघांना न्याय मिळेल, पथक वेळेवर निघेल, तिची चूक झाकली जाईल. फक्त पाठीवर पंप घेऊन चढणारी एकोणचाळीस माणसं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रप्रमुख देवयानी राजूरकरांच्या खोलीत गेली. दोन पट्टे आणि पाण्याचा पेला घेऊन. तिने टेबलावर दोन्ही पट्ट्यांवर थेंब टाकून दाखवले आणि छापील अहवाल पुढे ठेवले.

राजूरकर मॅडमनी त्या थेंबाला बोट लावून पाहिलं. "हे द्रव वापरायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही मॅडम. मीच वापरलं. पट्ट्यासोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर वापरू नका असं लिहिलंय. ते मी काल वाचलं."

"तुम्हाला नोटीस द्यावी लागेल."

"द्या."

"नवीन पट्टे किती आहेत?"

"पंधरा."

"म्हणजे चौदा-चौदाच्या तीन तुकड्या, एक पट्टा राखीव. पंधरा दिवसांच्या नोंदी घ्यायला वेळ नाही, पण चढावरची दोन तासांची चाचणी घेता येईल. लाल तिघांना आजच बोलावून घ्या. आणि पथकासोबत चढणारे सगळे यात येतील. प्रशिक्षकसुद्धा." त्यांनी फोन उचलला, मग पुन्हा ठेवला. "कुंदाताई, मी रागावलेली आहे. पण बरं केलंत आलात ते."

केंद्रात बातमी पसरायला तासभरही लागला नाही. जेवणाच्या वेळी कुंदाच्या टेबलावर कुणी बसलं नाही. ज्यांची कार्डं हिरवी होती त्यांना ती आपल्या हातातलं काही काढून घेते आहे असं वाटत होतं, आणि एका अर्थी ते खरंही होतं. विनायक तिच्यासमोरून गेला तो मान न वळवता.

पहिल्या तुकडीत शशिकला होती. टेकडीच्या पायथ्याशी कुंदाने स्वतः तिचा पट्टा बांधला. चकत्या पाण्याने भिजवल्या, पट्टा छातीच्या खालच्या कडेला बसेल असा ताणला, दोन बोटं जेमतेम शिरतात का पाहिलं. नायलॉनच्या शर्टाऐवजी सुती बनियन घालायला लावलं.

"पडले तर?" शशिकलाने विचारलं. शनिवारपासून ती घरातही भिंतीला धरून चालत होती.

"मी सोबत येते. वाटलं तर बस."

पहिल्या वळणापर्यंत शशिकला दर दहा पावलांवर थांबत होती. दुसऱ्या वळणावर ती थांबायची विसरली. तिसऱ्यानंतर कुंदाला तिच्यासोबत राहता येईना. ती एका दगडावर बसून धापा टाकत हातातल्या पडद्यावर आलेख पाहत राहिली. ठोके एकसारखे, दाट, स्वच्छ. मध्ये एकही आगंतुक नाही. तळाशी 'संपर्क : उत्तम.'

दोन तासांनी कार्ड हिरवं आलं. शशिकलाने ते हातात घेतलं, पाहिलं आणि तिथेच मातीत बसून रडली. मग डोळे पुसून आईला फोन लावला. "आई, मी चांगली आहे," एवढंच ती म्हणाली. बाकीच्या दोघांची कार्डंही त्याच दिवशी हिरवी झाली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शशिकला आपलं ताट घेऊन कुंदाच्या समोर येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या तुकडीत विनायक आला. त्याने पट्टा तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच बांधला.

"चकत्या ओल्या कर," कुंदा म्हणाली.

"चार वर्षं रोज बांधतो मी."

तो नेहमीसारखा पुढे निघाला. कुंदा पायथ्याशी पडद्यासमोर बसली होती. चौदा आलेख एकाखाली एक चालले होते. पन्नासाव्या मिनिटाला, शेवटच्या खड्या चढावर, विनायकचा आलेख सरळ झाला. एक सेकंद, दोन, तीन. मग ठोके पुन्हा सुरू झाले. पडद्याची कडा लाल झाली.

तिने वॉकीटॉकी उचलली. "बोरकुटे सर, थांबा. जिथे आहात तिथेच बसा."

"पट्टा सरकला असंल," त्याचा आवाज आला. धाप लागलेला.

"सर, बसा."

"वर पोचून बसतो."

कुंदाने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. सगळी तुकडी ऐकत होती. "भाऊ, बस," ती म्हणाली.

तो बसला.

ती राखीव ठेवलेला सीलबंद पट्टा घेऊन वर गेली. सोबत केंद्राची नर्स आणि दोन जण होते. विनायक एका मोहाच्या बुंध्याशी टेकून बसला होता, घामाने निथळत, वैतागलेला. तिने त्याच्या छातीवरचा पट्टा काढला, राखीव भिजवून बांधला. आलेख सुरू झाला. मग तिने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"हे काय करून राहिली?"

"पट्ट्यावर तुझा भरवसा नाही न. मग हातानेच पाहते."

नाडी जोरात, भराभर उडत होती. हळूहळू तिचा वेग उतरत होता. कुंदा मनात मोजत होती. आणि तिच्या बोटांखाली नाडी थांबली. काहीच नाही. पडद्यावर सरळ रेघ आणि बोटांखाली नुसती कातडी. विनायकचे डोळे एकदम दूर कुठेतरी पाहायला लागले, मान कलली. मग एक दणका आला, त्यामागून दुसरा, आणि त्याची नजर परत तिच्यावर आली.

नर्सने त्याला आडवं केलं.

"हे याआधी झालंय," कुंदा म्हणाली. विचारत नव्हती ती.

विनायकने मान हलवली. "दोनदा अंधारी आली. जानेवारी संपताना एकदा, अन् परवा. कार्ड हिरवं होतं म्हणून वाटलं, उन्हाचं असंल."

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा निरोप जातो, तेव्हा खालचे कप्पे आकुंचन पावतात. विनायकच्या हृदयात ती वाट झिजली होती. बसल्या जागी निरोप पोचायचा. जोराने चढताना किंवा चढून थांबल्यावर तो अडायचा. बाकी हृदय ठणठणीत होतं. "आगीच्या कडेला, उतारावर चार सेकंद शुद्ध गेली असती तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्धवट सोडून सिंधू वहिनीकडे पाहिलं. "पेसमेकर बसवू. साधी शस्त्रक्रिया आहे. नंतर चालतील, फिरतील, हवं तर डोंगरही चढतील. पंप पाठीवर घेऊन आगीवर मात्र नाही."

शस्त्रक्रिया झाली त्याच दिवशी पथक निघालं. ठरल्या तारखेपेक्षा चार दिवस उशिरा, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकेचाळीस माणसांचं, सगळ्यांची कार्डं हिरवी आणि सगळ्यांच्या अहवालाखाली 'उत्तम'. राजूरकर मॅडमनी त्या आठवड्यात दोन कागद काढले. एक कुंदाला नोटीस. दुसरा पथकाच्या सगळ्या केंद्रांना, की संपर्क उत्तम नसेल तर कार्ड कुठल्याही रंगाचं असो, ते रद्द समजावं आणि पट्ट्याची निगा कशी राखायची याचं प्रशिक्षण कुंदा ठेंगणे देतील. दोन्ही कागद तिला एकाच पाकिटात मिळाले.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती नागपूरला पोचली. विनायक उशीला टेकून बसला होता. डाव्या खांद्याखाली पट्टी होती. डॉक्टरीणबाई नुकत्याच येऊन गेल्या होत्या. त्याने एक कागद तिच्या हातात दिला. पेसमेकरने केलेल्या नोंदी होत्या. गेल्या अठ्ठेचाळीस तासांत हृदय अकरा वेळा अडलं होतं आणि अकराही वेळा यंत्राने ठोका दिला होता. वॉर्डात चार पावलं चालवलं तेवढ्यावर.

"मला एकही कळला नाही," तो म्हणाला.

कुंदाने कागद घडी करून परत दिला.

"मी तुला तिघांचंच कर म्हटलं होतं."

"हो."

"ऐकलं असतंस तर पथक पाच तारखेला निघालं असतं." तो खिडकीकडे पाहत होता. "मी पुढे असतो. माझ्या मागे ती पोरं." त्याने चादरीची कड सारखी केली. मग म्हणाला, "चिडलो होतो तुझ्यावर, बाई."

"माहीत आहे."

"तुझ्या वहिनीला अकराचा आकडा सांगू नको."

"मीच वाचला आधी," सिंधू वहिनी दारातून म्हणाली. तिच्या हातात डबा होता. "लपवालपवी पुरे झाली आता या घरात."

विनायक हसला. हसताना खांदा दुखला म्हणून कण्हला आणि पुन्हा हसला. थोड्या वेळाने त्याचा डोळा लागला. तोंड किंचित उघडं टाकून तो घोरायला लागला, दुपारच्या वेळी, भरल्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवरचे आजोबा वळून त्याच्याकडे पाहायला लागले. वहिनी ओशाळली, पण तिने त्याला हलवलं नाही.

वहिनीने डब्याचं झाकण काढलं. वांग्याची भाजी होती, तेल वर आलेली, आणि पोळ्या अजून कोमट होत्या. त्या वासाने कुंदाला एकदम कडकडून भूक लागली. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच. ती खाली बसायचंही विसरली. खाटेच्या कडेला उभी राहून, भावाच्या घोरण्याकडे पाहत, तिने तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथीसाठी हात पुढे केला.